नगरसेवकाचं मानधन ठरतं कसं?

गटार तुंबलं, नळ कोरडा पडला की जळगाव-धुळ्यात पहिला फोन नगरसेवकाला जातो. रात्री अकरालासुद्धा! या कामाचे त्याला मिळतात किती, आणि तो आकडा ठरवतं कोण?

सभागृह नव्हे, राज्य सरकार. केळीच्या घडांची प्रतवारी लावावी तशी शासनाने महापालिकांची वर्गवारी केली आहे. लोकसंख्या, उत्पन्न वगैरे पाहून दर्जा ठरतो आणि दर्जावरून मानधन. २०१७ च्या वाढीत मुंबईच्या नगरसेवकाला महिना २५ हजार, पुणे-नागपूरला २० हजार मिळाले. २००३ साली महापालिका झालेली जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरं ‘ड’ वर्गात. तिथे १० हजार. पैसे मात्र महापालिकेच्याच तिजोरीतून जातात, म्हणून गरीब पालिकेचा दर कमी.

हिशेब सरळ आहे, पण त्यात कामाचे तास कुठेच नाहीत. तुंबलेलं गटार ‘ड’ वर्गातही तेवढाच वेळ खातं. शिवाय महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेला नगरसेवक अपात्र ठरतो, म्हणजे प्रामाणिक माणसाने घर चालवायचं ते दुसऱ्या धंद्यावर.

इंग्लंडमध्ये नगरसेवकांचे भत्ते ठरवण्याआधी स्थानिक परिषदेला स्वतंत्र मंडळाची शिफारस विचारात घ्यावी लागते. कामाचा वेळ मोजणारं तसं मंडळ महाराष्ट्रातही हवं.