टाइप वन मधुमेह: चष्म्याचा नंबर ठीक, पण पडद्याचं काय?

टाइप वन मधुमेहात सगळ्यात फसवी असते ती चांगली नजर. तक्त्यावरची शेवटची ओळ खडाखडा वाचणाऱ्याच्याही डोळ्यांच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, बारीक रक्तवाहिन्या फुगून पाझरू लागलेल्या असू शकतात. दुखत नाही, खुपत नाही. म्हणून चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला की काम झालं, हा समज घातक.

रेटिनाच्या तपासणीसाठी सहसा थेंब घालतात. अर्ध्या तासात बाहुली पसरते, मोबाइलवरची अक्षरं पुसट होतात, बाहेर ऊन टोचतं. गॉगल न्यावा आणि गाडी चालवायला सोबत कुणीतरी असावं. प्रौढांनी निदानापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी करावी, मग साधारण दरवर्षी. गरोदरपणात पहिल्या तिमाहीतच.

साखर आवरून खरंच फरक पडतो? १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप वन रुग्णांवरच्या डीसीसीटी अभ्यासाने हा वाद मिटवला. सुरुवातीला पडदा निरोगी असलेल्यांमध्ये काटेकोर उपचारांनी रेटिनोपथीचा, म्हणजे पडद्याच्या या बिघाडाचा, धोका ७६ टक्क्यांनी घटला. (गंभीर हायपो, म्हणजे साखर फार खाली जाणं, मात्र जवळपास तिप्पट; फुकट काहीच मिळत नाही!) फार वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली तर आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. तेव्हा उपचार बदलताना नेत्रतज्ज्ञांनाही सांगावं.

लेझर आणि डोळ्यातली इंजेक्शनं नजर वाचवतात, पण वेळेत गेलं तरच. डोळ्यांसमोर अचानक काळे ठिपके, जाळी किंवा पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.