शहरचा कचरा निवडल्याखेरीज शेतांत नको

शहरच्या कचऱ्याचें खत शेतास हितकर कीं अहितकर, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस पडतो. प्रथम आमचाच अनुभव सांगतों. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं एका नगरपालिकेच्या आगारांतून चार ट्रॉल्या खत आणून जिराईत तुकड्यांत पसरलें. खत काळें, भुसभुशीत व स्वस्त. पाहून समाधान वाटलें. परंतु पहिल्याच पाळीस कुळवाच्या फासेंत प्लास्टिकच्या चिंध्या अडकूं लागल्या, आणि निंदणीच्या वेळीं एका मजूरबाईच्या तळपायांत कांच शिरली. तें प्लास्टिक आम्ही अद्याप वेंचीत आहों.

यांत दोष खताचा नव्हे, निवडीचा आहे. भाजीपाल्याचीं देठें, साली, खरकटें हा ओला कचरा; त्याचें खत होतें. कागद, कांच, पत्रा, प्लास्टिक हा सुका; तो पुन्हां कारखान्यांत जातो. विजेऱ्या, रंगांचे डबे, जुनीं औषधें हा घातक. ही त्रिविध वांटणी घरींच व्हावी, असें २०१६ च्या घनकचरा नियमांनीं ठरविलें. कारण तिन्ही एकदां कालवले म्हणजे शिसें, कॅडमियम यांसारखे धातु खतांत उतरतात, आणि ते कोणत्याहि चाळणीनें निघत नाहींत.

घरून वेगळा आलेला सुका कचरा जेथें बारकाईनें पुन्हां निवडतात, त्यास निवड-केंद्र म्हणावें. त्याची रचना साधी आहे. दाराशीं वजनकांटा, खालीं फरशी व वर पक्कें छप्पर, कारण भिजल्या कागदास किंमत येत नाहीं, सरकत्या पट्ट्याच्या दोहों बाजूंस निवडणारीं माणसें, लोखंड ओढून घेणारें चुंबक, आणि शेवटीं गठ्ठे दाबणारें यंत्र. आगीचें भय मोठें, म्हणून पाण्याची टांकी जवळ हवी. निवडणाऱ्यांस हातमोजे, बूट व नियमित मोबदला हवा. ही पारख कचरावेंचकांच्या अंगीं पूर्वींपासूनच आहे. पुण्यांत २००८ सालीं त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनें महापालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा उचलण्यास आरंभ केला.

ओल्या कचऱ्याची शास्त्रशुद्ध रीतहि आपणांस नवी नाहीं. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूर येथें ती सिद्ध करून १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्याच इंदुरांत फेब्रुवारी २०२२ मध्यें रोज ५५० टन ओला कचरा पचवून इंधनवायु व खत करणाऱ्या कारखान्याचें उद्‌घाटन झालें. त्याचें मूळ यंत्रांत नाहीं. घरोघरच्या वेगवेगळ्या टोपल्यांत आहे.

आतां शेतकऱ्यानें काय करावें? खत घेण्यापूर्वीं तपासणीचा दाखला मागावा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखालीं शहरी कंपोस्टांत किलोमागें शिसें १०० व कॅडमियम ५ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाहीं. शिवाय एक घमेलें खत उन्हांत वाळवून स्वतः चाळावें. चाळणीवर कांच व प्लास्टिक राहिलें, तर ट्रॉली परत धाडावी. स्वस्ताईस भुलूं नये.

दुसरी गोष्ट गायरानाची. नगरपालिका जागा मागते, तेव्हां गांव सरसकट नकार देतें किंवा मुकाट्यानें मान तुकवितें. पुण्याच्या कचऱ्याचे ढीग उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांनीं वर्षानुवर्षें सोसले, हें उदाहरण समोर आहे. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. तोंडी आश्वासनाची नोंद कोणत्याहि वहींत होत नाहीं, हें आम्हीं तेथें पाहिलें. म्हणून ग्रामसभेच्या ठरावांतच अटी लिहाव्या: निवडलेलाच कचरा येईल, घाण पाणी ओढ्यांत जाणार नाहीं, विहिरींचें पाणी सहा महिन्यांनीं तपासलें जाईल, आणि खतावर पहिला हक्क गांवचा राहील.

शहराचें धान्य आपण पुरवितों. त्याचा उरलेला अंश जमिनीस परत मिळावा, हें न्याय्यच आहे. मात्र तो निवडून मिळावा, एवढाच आमचा आग्रह.