एक पाडणार

दुपारी चारच्या सुमारास आमच्या कॉलवर कोणीतरी स्क्रीन शेअर करतं आणि काळ्या पडद्यावर 'प्लॅन', म्हणजे टूल काय काय करणार त्याचा मजकूर, धावू लागतो. हिरवं अधिकचिन्ह म्हणजे नवं काही उभं राहणार, पिवळी नागमोडी रेघ म्हणजे असलेलं बदलणार, लाल उणेचिन्ह म्हणजे काढून टाकणार. शेवटच्या ओळीत हिशोब येतो: सात वाढणार, दोन बदलणार, एक पाडणार. बाकीचं पटापट सरकतं, कॉल अडतो तो या शेवटच्या एकापाशी. काय पडणार? का? त्यावर कोणाचा डेटा आहे? उत्तर मिळेपर्यंत 'अप्लाय', म्हणजे बदल लागू कर, असं म्हणायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे.

मोठ्या कंपनीच्या आयटी विभागाला सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क, परवानग्या असं पुष्कळ काही लागतं. ते क्लाउडवर उभं करायचं, पण माउसने क्लिक करून नव्हे, तर फायलींमध्ये लिहून, हे आमचं काम. हिंजवडीपासून खराडीपर्यंत कितीतरी जण हेच करतात आणि घरी कोणी विचारलं की 'कंप्युटरचंच काहीतरी' म्हणून विषय संपवतात. मीही तेच करते.

पूर्वी सर्व्हर हवा असला की आधी बजेट, मग खरेदीची ऑर्डर, मग खोकं यायचं, मग ते डेटा सेंटरच्या रॅकमध्ये चढायचं. २००६ मध्ये ॲमेझॉनने सर्व्हर तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली, २०१६ मध्ये त्यांचा मुंबई रीजन सुरू झाला आणि खोकं गेलं. आठवडे मात्र गेले नाहीत. टिकेट, बदलाची विनंती (सीआर), ती मंजूर करणाऱ्या समितीची, म्हणजे कॅबची, ठरलेल्या वारी भरणारी मीटिंग, सिक्युरिटीची सही, नेटवर्कवाल्यांकडून आयपी, हे सगळं जागच्या जागी होतं. पाच मिनिटांच्या कामाला तीन आठवड्यांची अप्रूव्हलं. मग मार्केटिंगसारखे विभाग वैतागून स्वतःच्याच कार्डावर क्लाउडचं खातं उघडत आणि ते खातं पुढे आयटीला सापडे ते बिलावरून.

यावरचा उपाय क्लाउडपेक्षा जुना आहे. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ओस्लो विद्यापीठात सीएफइंजिन लिहिलं. यंत्राला पायऱ्या सांगत बसू नका, शेवटी काय असायला हवं ते सांगा, ही त्यातली मुख्य कल्पना. यंत्र आधीच तसं असेल तर हुकूम दहादा दिला तरी काही बिघडत नाही. पुढे पपेट, शेफ, ॲन्सिबल आली. २०१४ मध्ये हॅशिकॉर्पचं टेराफॉर्म आलं आणि आज आमच्यासारख्या बहुतेक टीम त्यावर किंवा त्याच्या भावंडावर काम करतात. भावंड म्हणजे ओपनटोफू. २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने परवान्याच्या अटी बदलल्या तेव्हा रागावलेल्या लोकांनी ते वेगळं काढलं. फायली जवळपास त्याच, भांडण वकिलांचं.

आता सर्व्हर मागायला एक फॉर्म असतो. ॲपचं नाव, डेव्ह (बनवण्यासाठी) की यूएटी (तपासणीसाठी) की प्रॉड (प्रत्यक्ष वापरासाठी), आकार, मालक कोण, खर्च कोणत्या खात्यावर. बटण दाबलं की मागे पाइपलाइन धावते आणि चहा संपायच्या आत यंत्र तयार असतं. पाहणाऱ्याला वाटतं, ऑटोमेशन म्हणजे हे. खरी मेहनत मात्र त्या फॉर्ममागच्या फायलीत, तिथल्या एकेका आकड्यात असते.

उदाहरणार्थ १८०. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, तेही भारताच्या हद्दीत. ॲमेझॉनच्या लॉग सेवेत मात्र तुम्ही काही सांगितलं नाही तर लॉग कधीच पुसले जात नाहीत आणि बिल मुकाट्याने वाढत राहतं. फायनान्सला ९० दिवस हवे असतात, ऑडिटला काही वर्षं, कायदा विभागाला सगळ्यांच्या सह्या. महिनाभराच्या मेलामेलीनंतर फायलीत एक ओळ येते: मुदत बरोबर १८०. त्यानंतर कंपनीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक यंत्राला ती आपोआप लागू होते आणि तो वाद पुन्हा कोणाला घालावा लागत नाही. माझ्या मते या कामातलं खरं समाधान इथेच आहे. वेळ वाचतो ही दुय्यम गोष्ट.

नेटवर्कचंही तसंच. १०.२०.०.०/१६ असं लिहिलं की ६५,५३६ पत्ते ताब्यात येतात. ऐकायला भरपूर, पण नेमकी तीच पट्टी एखाद्या कारखान्यातल्या जुन्या नेटवर्कने पंधरा वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेली असते. दोन्ही जोडायची वेळ आली की डेटाच्या पॅकेटांना कळत नाही जायचं कुठे. ॲमेझॉनवर ही मुख्य पट्टी एकदा ठरवली की बदलता येत नाही, सगळं नव्याने बांधावं लागतं. म्हणून कोणता पत्ता कोणाकडे हे सांगणारी एक्सेल शीट जपून ठेवलेला जुना नेटवर्कवाला आमच्यासाठी कोणत्याही टूलपेक्षा मोलाचा. तो निवृत्त व्हायच्या आत त्याची शीट फायलीत उतरवून घ्यावी.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, 'स्टेट'. टेराफॉर्म जे काही बांधतं त्याची नोंद एका फायलीत ठेवतं. पुढच्या वेळी ते तीन गोष्टी ताडून पाहतं: तुम्ही काय लिहिलंय, नोंदीत काय आहे आणि क्लाउडवर प्रत्यक्षात काय आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची असली की जे होतं, तेच इथे नोंद आणि वस्तुस्थिती यांच्यात अंतर पडलं की होतं. या अंतराला आम्ही 'ड्रिफ्ट' म्हणतो.

ड्रिफ्ट बहुधा रात्री जन्मतो. प्रॉड अडकलंय, क्लायंट कॉलवर आहे, ऑन-कॉल माणूस कन्सोल उघडतो आणि फायरवॉलमध्ये एक दार हाताने उघडून देतो. काम सुरू होतं, सगळे झोपायला जातात. फायलीत त्या दाराचा उल्लेख नाही. दोन आठवड्यांनी भलत्याच बदलासाठी प्लॅन चालतो आणि टूल प्रामाणिकपणे सांगतं की इथे एक जास्तीचं दार आहे, ते मी बंद करणार. वाचणाऱ्याने ती ओळ पाहिली नाही तर दार बंद होतं आणि प्रॉड पुन्हा अडकतं. काही कंपन्यांनी प्रॉडच्या कन्सोलवर सगळ्यांना फक्त पाहण्यापुरती परवानगी ठेवली आहे. मला हे पटतं, पण अर्धंच. आग लागल्यावर काच फोडून किल्ली काढता आलीच पाहिजे, फक्त ती काढली की दुसऱ्या दिवशी फायलीत तशी नोंद झालीच पाहिजे. त्या दुसऱ्या दिवसाची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे, हे विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी कोणाच्याच नसते.

प्लॅन वाचणं म्हणजे नेमकं काय, याचा एक नमुना. क्लायंट वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिच्या पाच कारखान्यांसाठी क्लाउडवर पाच यंत्रं, प्रत्येक आपापल्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या तुकड्यात. फायलीत यादी होती: चाकण, रांजणगाव, शिरवळ, वाळूज, बुटीबोरी. रांजणगावचं काम दुसरीकडे हलवलं, म्हणून टीममधल्या नव्या मुलाने यादीतून एक शब्द काढला आणि बदल तपासणीसाठी पाठवला, म्हणजे पीआर टाकला. बदल एका ओळीचा. अपेक्षा होती 'शून्य वाढणार, एक पाडणार' अशी. प्लॅन म्हणाला: तीन वाढणार, चार पाडणार.

"अरे, हे चार कुठून आले?"

"टूलचा बग असेल."

बग नव्हता. यादी क्रमांकाने बांधलेली होती, नावाने नव्हे. मोजणी शून्यापासून. रांजणगाव एक नंबरवर होतं. ते गेल्यावर शिरवळ एकवर सरकलं, वाळूज दोनवर, बुटीबोरी तीनवर, आणि चार नंबर उरलाच नाही. टूलला गावांशी देणंघेणं नाही. एक नंबरचं यंत्र आता शिरवळच्या सबनेटमध्ये हवं एवढंच ते पाहतं आणि चालू यंत्राचा सबनेट तसाच बदलता येत नसल्याने जुनं पाडून नवं बांधायला निघतं. दोन आणि तीन नंबरचंही तेच. चार नंबरवरचं बुटीबोरीचं चालतं यंत्र सरळ रद्द. म्हणजे एक शब्द खोडल्याबद्दल चाकण सोडून सगळ्या कारखान्यांची यंत्रं गेली असती. रात्रपाळीत ट्रकवर लावायची लेबलं याच यंत्रांतून निघतात.

उपाय सोपा आहे. यादी नावाने बांधायची, 'फॉर ईच' लावून, आणि आधीच्या यंत्रांच्या नोंदी स्टेटमध्ये नव्या नावांवर हलवायच्या. अर्ध्या दिवसाचं काम. शिवाय महत्त्वाच्या यंत्रांवर आणि डेटाबेसवर 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' अशी पाटी लावता येते. ती असली की टूल पाडायला नकार देतं. पण ही पाटी त्याच फायलीत असते आणि घाईत असलेला माणूस ती खोडू शकतो. म्हणून शेवटी पीआर पाहणारा दुसरा माणूस हवाच.

सगळीच कामं अशी नसतात. डेव्हची यंत्रं रात्री आणि शनिवार-रविवारी बंद ठेवणं हे सोपं काम. आठवड्यात १६८ तास असतात, सकाळी आठ ते रात्री आठ पाच दिवस चालवली तर ६० भरतात. उरलेल्या १०८ तासांचं यंत्रभाडं वाचतं, डिस्कचं मात्र चालूच राहतं. मॅनेजमेंटला दाखवायला याच्याइतकं चांगलं काही नाही, म्हणून प्रत्येक ऑटोमेशनच्या प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड हीच असते. पहिल्याच शनिवारी यूएटीला आलेल्या टेस्टरचा फोन येतो, हेही ठरलेलं.

मोठ्या पडझडी पाहिल्या की हाताचा दोष कुठे संपतो आणि यंत्राचा कुठे सुरू होतो ते कळेनासं होतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एका इंजिनिअरने ठरलेल्या पद्धतीनुसारच कमांड दिली. थोडे सर्व्हर काढायचे होते, आकडा चुकला, जास्त निघाले, आणि व्हर्जिनियातली एस-थ्री ही स्टोरेज सेवा काही तास कोलमडली. कंपनीने नंतर त्या टूललाच लगाम घातला: काढायचं ते हळूहळू काढायचं आणि किमान संख्येच्या खाली जायचंच नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगलवरचं खासगी क्लाउड पुसलं गेलं. ते उभारताना गूगलच्या अंतर्गत टूलमध्ये एक रकाना कोरा राहिला होता. कोऱ्याचा अर्थ टूलने एक वर्षाची मुदत असा लावला आणि वर्ष भरल्यावर कोणालाही न विचारता सगळं काढून टाकलं. सहा लाखांवर सभासदांना आठवडाभराहून जास्त काळ आपलं खातं दिसत नव्हतं. गूगलच्याच स्टोरेजमधले बॅकअप शाबूत होते आणि दुसऱ्या पुरवठादाराकडेही प्रती होत्या, म्हणून फंड पुन्हा उभा राहिला.

आणि २० ऑक्टोबर २०२५, आपल्याकडे ऐन दिवाळी. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचे डीएनएस पत्ते राखणारी ऑटोमेशन यंत्रणा व्हर्जिनियात स्वतःशीच अडखळली. एकच काम करणाऱ्या घटकांपैकी दोन एकमेकांच्या आड आले. मागे पडलेल्या एकाने जुना प्लॅन नव्यावर चढवला आणि त्याच वेळी दुसऱ्याने तो जुना म्हणून साफ केला. पत्त्यांची नोंद कोरी झाली. यंत्रणेला ती स्वतः दुरुस्त करता येईना, माणसांना हात घालावा लागला. ती ऑटोमेशन नंतर जगभर थांबवून ठेवावी लागली. इथे कोणाचीही टायपिंगची चूक नव्हती. दोघांनीही दिलेलं काम चोख केलं होतं.

आमच्याकडे ऑटोमेशन आलं तसं एल-वनचं, म्हणजे पहिल्या पातळीच्या सपोर्टचं, काम आटलं. पासवर्ड रीसेट, डिस्क वाढवणं, यंत्र सुरू-बंद करणं ही टिकेटं आता माणसापर्यंत येतच नाहीत. त्या कामावरची काही मुलं गिट शिकून आमच्यात आली, काही दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली, काही कुठे गेली ते कोणी विचारलं नाही. जी आली ती उत्तम प्लॅन वाचतात, कारण कोणती गोष्ट पडली की फोन कुठून येतो हे त्यांना सवयीने ठाऊक आहे. यंत्र फक्त आकृतीत पाहिलेल्या हुशार मुलांना ही नजर यायला वेळ लागतो. भरतीच्या मुलाखतीत मात्र आपण कोड लिहायला सांगतो, शंभर ओळींचा प्लॅन समोर ठेवून यातलं काय चुकलंय असं विचारत नाही.

यापेक्षा मोठी गडबड करारात आहे. आयटी सेवांचे कितीतरी करार अजून टिकेटांच्या संख्येवर आणि माणसांच्या डोक्यांवर बेतलेले असतात. ऑटोमेशनने टिकेटं घटली की पुढच्या वर्षी डोकी घटतात, आणि पहिला जातो तो दिवसभर 'नुसतं वाचत बसणारा', कारण त्याच्या नावावर बंद केलेलं एकही टिकेट नसतं. क्लायंटच्या बाजूने सही करणाऱ्या आयटी प्रमुखांना माझं एकच सांगणं आहे: पुढच्या नूतनीकरणात प्लॅनच्या रिव्ह्यूचे आणि दर तिमाहीला बॅकअप प्रत्यक्ष रिस्टोअर करून पाहण्याचे तास वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या आणि त्यांचे पैसे द्या.