बाळाला पुढे बसवताय? आधी एअरबॅग पाहा!

मोठ्यांचा जीव वाचवणारी एअरबॅग लहानग्यांच्या जिवावर उठू शकते. ती केव्हा बंद करावी, कशी करावी आणि मुळात गाडीत बाळाची जागा कोणती, हे प्रत्येक आईवडिलांना ठाऊक असायला हवे.

जयपूरहून कोट्याकडे निघाले की साधारण ४० किलोमीटरवर चाकसू लागते. जवळच्या शील की डूंगरी या टेकडीवर शीतलामातेचे मंदिर आहे. चैत्र कृष्ण अष्टमीला, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य अष्टमीला, तिथे मोठी जत्रा भरते. आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न देवीला दाखवायचे आणि घरातल्या लेकरांना सांभाळ म्हणून हात जोडायचे, ही तिथली जुनी रीत आहे.

ज्या देवीच्या रोगाच्या भयाने आया इथे येत, तो रोग लसीमुळे १९८० सालीच जगातून हद्दपार झाला. मुलांवरची संकटे मात्र संपली नाहीत, त्यांनी फक्त रूप पालटले. चाकसूजवळच्या याच महामार्गावर सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेला निघालेल्या सहा उमेदवारांचा व्हॅनच्या अपघातात मृत्यू झाला होता. अशा रस्त्यांवरून आज कितीतरी कुटुंबे स्वतःच्या मोटारीने देवदर्शनाला जातात. आणि त्या मोटारीत सर्वांत लहान मूल कुठे असते? बहुधा पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर! चाकसूला जाताना जे घडते, तेच आपल्याकडे जेजुरीला किंवा शिर्डीला जातानाही घडते.

वाशीतला तो अपघात

डिसेंबर २०२४ मधली नवी मुंबईतील घटना अनेकांना आठवत असेल. वाशीत रात्रीच्या वेळी पुढची मोटार दुभाजकावर आदळली आणि तिचा मागचा भाग उसळून पाठीमागच्या गाडीच्या बॉनेटवर पडला. मागच्या गाडीची एअरबॅग उघडली. पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा त्या धक्क्याने दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर पुढे बसलेली दोन वर्षांची मुलगी अशीच एअरबॅगमुळे गेली.

दोन्ही घरांतल्या मोठ्यांनी मुलाला प्रेमाने जवळच बसवले होते. चूक प्रेमाची नव्हती, माहितीच्या अभावाची होती.

एअरबॅग उघडते म्हणजे काय?

एअरबॅग म्हणजे हलकेच फुगणारी उशी, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात टक्कर होताच एका छोट्या स्फोटासारख्या क्रियेने वायू तयार होतो आणि सेकंदाच्या तीस-चाळीस हजारांश भागात पिशवी फुगते. डोळ्याचे पाते लवण्याआधीच सारे होऊन जाते. त्या क्षणी पिशवीचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात असू शकतो.

ही पिशवी पूर्ण वाढलेल्या, सीटबेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली आहे. अशा माणसाची छाती डॅशबोर्डपासून निदान २५ सेंटिमीटर दूर असते, म्हणजे फुगलेली पिशवी त्याला झेलते. मूल मात्र बुटके असते, पुढे सरकून बसते, कधी उभेही राहते. त्यामुळे पिशवीचा पहिला तडाखा थेट त्याच्या डोक्या-मानेवर बसतो.

चाइल्ड सीट लावली, मग काय हरकत?

इथेच सर्वांत मोठी गल्लत होते. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते आणि मान नाजूक असते. म्हणून त्याची चाइल्ड सीट मागे तोंड करून बसवतात, म्हणजे धक्का बसला तर पाठ, मान आणि डोके एकदमच सावरले जातात. १९६० च्या दशकात स्वीडनचे प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांच्या आसनांवरून ही कल्पना घेतली.

पण हीच सीट पुढे ठेवली की तिची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ टेकते. एअरबॅग उघडली तर ती नेमकी बाळाच्या डोक्यामागे आदळते. अमेरिकेत १९९० च्या दशकात अशा मृत्यूंनी खळबळ उडाली होती. १९९० ते २००८ या काळात तिथे पुढच्या एअरबॅगमुळे २९० हून अधिक माणसे दगावली. मृतांत चालकाशेजारी बसलेलेच अधिक होते, आणि त्यांतही बहुतांश मुले होती. त्यानंतर इशाऱ्याची लेबले आली, एअरबॅग बंद करण्याची बटणे आली आणि पिशव्यांचा जोरही कमी करण्यात आला.

आपल्याकडे २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत चालकाशेजारीही एअरबॅग सक्तीची आहे. म्हणजे आजोबांच्या जुन्या गाडीत नसलेला हा प्रश्न आपल्या नव्या गाडीत नक्की आहे. सनवायझर खाली करून पाहा. त्यावर बाळाच्या सीटचे चित्र आणि त्यावर लाल फुली दिसेल. ती फुली याचसाठी असते.

बंद करायची तर कशी?

पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे बाळाची सीट मागेच लावणे. पण कधी नाइलाज असतो. गाडी मागची सीट नसलेली पिकअप असते, किंवा आजारी बाळावर सतत लक्ष ठेवायचे असते. अशा वेळी पुढची एअरबॅग बंद केल्याखेरीज मागे तोंड केलेली सीट तिथे लावू नये. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

● काही गाड्यांत किल्लीने फिरवायचे बटण असते. शेजारचे दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या कडेला किंवा सामानाच्या कप्प्यात ते सापडते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते.

● बटण फिरवल्यावर ‘एअरबॅग बंद’ असा दिवा लागतो. तो पाहिल्याशिवाय गाडी हलवू नका.

● बाळाची सीट काढली की एअरबॅग लगेच पुन्हा चालू करा. नाही तर त्या जागी बसणाऱ्या आजीचे संरक्षण जाते.

● गाडीत असे बटण नसेल, तर बाळाची सीट पुढे लावायचीच नाही. कोपऱ्यावरच्या वायरमनकडून तार तोडून घेणे किंवा फ्यूज काढणे अतिशय धोक्याचे आहे. त्यात चालकाची एअरबॅग आणि सीटबेल्ट ताणणारी यंत्रणाही बंद पडू शकते, शिवाय काम करणाऱ्याच्या हातात पिशवी उघडण्याची भीती असते. शंका असेल तर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच विचारा.

“आमची मुले मांडीवरच वाढली!”

घरातली वडीलधारी मंडळी असे हमखास म्हणतात. त्यांना एक साधा हिशेब सांगावा. ताशी ५० किलोमीटर वेगात टक्कर होणे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. त्या क्षणी १० किलोचे बाळ आईच्या हातांना दोनशे किलोंच्या आसपास ओढ देते. कितीही घट्ट धरले तरी ते हातात राहत नाही. आईने आपल्या बेल्टमध्येच बाळाला गुंडाळले, तर तिच्या वजनाखाली ते चिरडते. अमेरिकेत मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आजींना विचारा. तिथे चाइल्ड सीटशिवाय बाळाला दवाखान्यातून घरी नेता येत नाही, हे त्यांनी पाहिलेले असते.

आपला कायदाही आता हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मूल सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

तान्ह्या बाळाला मागे तोंड करून बसवावे आणि ते निदान सव्वा वर्षाचे होईपर्यंत तसेच ठेवावे. त्या सीटमध्ये मावते तोवर अधिक काळ ठेवले तर उत्तमच. पुढे तोंड केलेली, पट्ट्यांची सीट त्यानंतरची. मग उंची १४५ सेंटिमीटरच्या आसपास होईपर्यंत बूस्टर सीट वापरावी, म्हणजे बेल्ट गळ्यावर न येता खांद्यावरून जातो. आणि बारा वर्षांपर्यंत जागा एकच, मागची!

सुरुवातीला मूल रडेल, हट्ट करील. सीट चार दिवस घरातच ठेवा, तीत बसवून खेळवा, गोष्ट सांगा. आपण स्वतः रोज बेल्ट लावत असलो, की मुलालाही ते अंगवळणी पडते.

जत्रेला जाऊन लेकराच्या आयुष्यासाठी हात जरूर जोडावेत. पण निघताना गाडीचे मागचे दार उघडून त्याला त्याच्या सीटमध्ये बसवावे आणि पट्टा ओढून पाहावा. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत.