अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी गरम भरलेले खजूर

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात पाहुण्यांची वेळ शिफ्टवर ठरते. पहिली शिफ्ट संपवून कोणी मामेभाऊ दुपारी चारला थेट दारात उभा राहतो. इथल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून भेटीगाठीही गुरुवारी. आणि आम्हा शाळेत शिकवणाऱ्यांचा तो पूर्ण कामाचा दिवस. कोणी बीड-लातूरहून चाकणला नोकरीच्या मुलाखतीसाठी येतो, कोणी वायसीएम रुग्णालयातल्या नातेवाइकाला पाहायला. फोन येतो तेव्हा मंडळी नाशिक फाट्यापर्यंत पोहोचलेली असतात!

अशा वेळी घरात पहिला प्रश्न असतो, गोड काय करायचे? शीरखुर्म्याची तयारी हाताशी नसते, गाजराच्या हलव्याला तास-दोन तास जातात, दुकानची मिठाई महिनाअखेरीस परवडत नाही. मग पाहुणे बाहेर एकटे बसतात आणि भाभी ओट्याजवळ घामाघूम होते. याहून वाईट म्हणजे ‘काही करायला जमणार नाही’ म्हणून लोकांना बोलावणेच कमी होते. गाव सोडून इथे आलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना येणाऱ्या-जाणाऱ्यांचाच आधार असतो. तो असा तुटू देणे बरे नाही.

दिव्य कुरआनात सूरह हूद आणि सूरह जारियातमध्ये हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांचा प्रसंग आहे. पाहुणे अनोळखी होते. तरी इब्राहीम (अ.) गाजावाजा न करता घरात गेले आणि विलंब न लावता भाजलेले मांस त्यांच्यापुढे ठेवले. आपल्या ऐपतीप्रमाणे चांगले, पण लवकर आणि आपल्या हाताने, हा धडा त्यातून घेता येतो. पाहुण्याने यजमानाला अडचण होईल इतके दिवस राहू नये, असेही हदीसमध्ये सांगितले आहे. म्हणजे मेहमाननवाजीत दोन्ही बाजूंची सोय पाहिलेली आहे.

लवकर होणारे, गरम आणि मानाचे असे एक गोड म्हणजे भरलेले खजूर. ज्या घरात खजूर असतो त्या घरचे लोक उपाशी राहत नाहीत, या अर्थाची हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. आपल्याकडे मात्र रमजान संपला की खजुराचा डबा मागे सरकतो. तो वर्षभर हाताशी ठेवावा.

हा पदार्थ नवा नाही. बगदादच्या मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी 1226 साली लिहिलेल्या ‘किताब अल-तबीख’मध्ये, बी काढून आत सोललेला बदाम घातलेले आणि मध, गुलाबपाणी व केशरात शिजवलेले खजूर आहेत. मोरोक्कोत आजही बदामाचे सारण भरतात. आपण त्यात खवा आणि सुके खोबरे घालू.

खजूर कोणता घ्यावा?

इराणी किमिया चवीला उत्तम, पण फार मऊ. भरताना साल फाटते. अजवा लहान आणि महाग, तो तसाच खावा. भरण्यासाठी कलमी, मबरूम किंवा खुदरी असा जरा घट्ट खजूर बरा. मेडजूल मोठा असतो, त्याला सारण दुप्पट लागते. पिंपरी कॅम्पातल्या सुकामेव्याच्या दुकानांत सुटा खजूर मिळाला तर आधी एक दाबून पाहावा. बोटाला दबला, पण चिकटून राहिला नाही, तर तो कामाचा.

साहित्य (सहा-सात जणांसाठी)

मध्यम आकाराचे 20 खजूर, 75 ग्रॅम खवा, 10 बदाम, 10 काजू, 2 मोठे चमचे किसलेले सुके खोबरे, पाव लहान चमचा वेलची पूड, चिमूटभर जायफळ, चिमूटभर मीठ, 1 मोठा चमचा तूप, वरून लावायला थोडे भाजलेले तीळ. साखर अजिबात नको.

कृती

1. खजूर ओल्या फडक्याने पुसून घ्या. एका बाजूने उभी चीर देऊन बी आणि देठाची टोपी काढा. दुसरी बाजू कापली जाऊ देऊ नका.

2. बदाम-काजू कोरडेच मंद आचेवर तीन-चार मिनिटे भाजा. खलबत्त्यात जाडसर कुटा. बारीक पूड केली तर दाताखाली काही लागत नाही.

3. त्याच कढईत खोबरे किंचित परता. मग खवा घालून मऊ होईपर्यंत दोन-तीन मिनिटे हलवा. आच बंद करून सुकामेवा, वेलची, जायफळ आणि मीठ मिसळा. मीठ विसरू नका, त्याने गोडाचा अतिरेक जाणवत नाही.

4. सारण कोमट झाले की खजुरात भरून कडा हलक्या दाबा.

5. जाड तव्यावर तूप सोडा. खजूर चिरेची बाजू वर ठेवून मांडा, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दोन मिनिटे ठेवा. आच मोठी केली की खजुरातली साखर जळून कडवट होते.

6. वर तीळ भुरभुरून दोन-तीन मिनिटांनी वाढा. आतला खवा फार तापलेला असतो.

सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटे लागतात. बिया काढायचे काम मुलांना द्यावे, घरातल्या पुरुषांनाही जमते. सोबत बिनसाखरेचा काळा चहा असला की आणखी काही लागत नाही.

घरात खवा नसेल तर

4 मोठे चमचे दूध पावडर आणि 2 चमचे साय एकत्र परतून घ्या. काजू-बदाम नसतील तर भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, तीळ आणि खोबरे घ्या. चव वेगळी, पण कमी नाही. उरलेले खजूर फ्रिजमध्ये ठेवावेत, खाताना फक्त तव्यावर गरम करायचे. खव्याचे किंवा साय घातलेले मात्र दोन दिवसांत संपवावेत.

एक काळजी घ्यावी. साखर घातली नाही म्हणून हा पदार्थ मधुमेहींसाठी मोकळा आहे, असे नाही. खजुराच्या वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग साखरच असतो. अशा पाहुण्यांना आग्रह करू नये. त्यांच्यासाठी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा बदाम वेगळे ठेवावेत. शेंगदाणा किंवा सुकामेवा कोणाला चालत नाही का, हेही विचारावे. लहान मुलांना खजूर बारीक तुकडे करून द्यावा.

ताट समोर ठेवले की यजमानीणबाईंनीही दस्तरखानावर बसावे. गावाकडची खबरबात, मुलांच्या शाळा, आजारी माणसाची तब्येत, हे ऐकायला कोणी तरी हवे असते. पाहुणा त्यासाठीच तर आलेला असतो.