टायमिंग बेल्ट आधी आवाज देत नाही

"आवाज येत नाही ना, मग चालू दे की अजून." महाड-पोलादपूरकडे टायमिंग बेल्टचा विषय निघाला की हा सल्ला हमखास मिळतो. टायमिंग चेनच्या गाडीला तो थोडाफार लागू पडतो, कारण चेन ढिली झाली की सकाळच्या पहिल्या सेल्फला खडखडते. बेल्ट मात्र रबराचा, आत काचतंतूंचे दोरे आणि वर बंद कव्हर. तो बहुतेकदा तुटेपर्यंत गप्पच असतो. पावसाळ्यात बॉनेटखालून जी कुईंकुईं ऐकू येते, ती बहुतेक वेळा बाहेरच्या फॅन बेल्टची. तो बदलून घेऊन "बेल्टचं काम झालं" असं निवांत सांगणारे गाडीमालक कमी नाहीत.

दोन्हींतला फरक खर्चात कळतो. फॅन बेल्ट गेला तर बॅटरी चार्ज होत नाही, काही गाड्यांत इंजिन तापतं. टायमिंग बेल्ट क्रँक आणि कॅम यांना एकमेकांशी बांधून ठेवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हे गणित चुकून चालत नाही. इंजिन मिनिटाला 2,000 फेऱ्यांनी फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व त्या मिनिटात 1,000 वेळा उघडून मिटतो. बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो, काही व्हॉल्व उघडेच राहतात आणि खालून येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा असल्यामुळे एवढं नुकसान होत नाही. डिझेलमध्ये ती आशा धरू नये.

सगळ्याच गाड्यांना टायमिंग बेल्ट असतो, हाही एक गैरसमज. खेडोपाडी धावलेल्या जुन्या अडीच लिटर बोलेरोत कॅम गिअरवर फिरतो. स्विफ्ट डिझेलमध्ये चेन. जुनी डिझेल इंडिका, सँट्रो झिंग, अल्टो 800, डस्टर आणि इकोस्पोर्टची डिझेल इंजिनं, ही बेल्टवाली. जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हातही बेल्ट, आणि तो बदलायची वेळ झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेलला मात्र चेन. म्हणजे एकाच नावाच्या गाडीतही उत्तर बदलतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या अनुभवापेक्षा आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडावं.

त्या मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे सापडतात, आणि जे आधी येईल ते धरायचं असतं. पुष्कळ गाड्यांत हा पल्ला 60,000 ते 1,00,000 किलोमीटर किंवा चार-पाच वर्षं असा असतो. काही कंपन्या जास्तही देतात. आपल्याकडे वर्षांचा आकडा कोणी वाचत नाही. चाकरमान्याची गाडी गणपतीला आणि शिमग्याला गावी येते, एरवी मुंबईत सोसायटीत उभी. आठ वर्षांत 35,000 किलोमीटर झाले, म्हणून ती मालकाला नवीच वाटते. पण रबर उभ्या गाडीतही उष्णतेनं आणि वयानं कडक होतं, दातांच्या मुळाशी चिरा पडतात. क्रँकच्या सीलमधून ऑइल झिरपत असेल तर बेल्टचं आयुष्य आणखी घटतं.

घाटाबद्दलचा समज तर उलटाच आहे. आंबेनळीतून महाबळेश्वरला जाताना पोलादपूरहून बाराशे मीटरहून जास्त चढायचं असतं. परतताना बेल्टवर ताण नको म्हणून गाडी न्यूट्रलला टाकणारे भेटतात. खालच्या गिअरात उतरल्यानं बेल्टचं काही बिघडत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. उतारावर बेल्ट तुटलाच तर इंजिनाची चिंता नंतर. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, म्हणून गाडी गिअरमध्येच ठेवून पेडल एकदाच दाबून धरावं आणि कडेला थांबावं. थांबल्यावर पुन्हा सेल्फ मारू नये, धक्का स्टार्ट तर मुळीच नको. पहिल्या आदळण्यातून वाचलेले व्हॉल्व त्यात जातात.

पुराचा मुद्दा महाडकरांना वेगळा सांगायला नको. 22 जुलै 2021 ला सावित्री-गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यात कित्येक गाड्या बुडाल्या. अशा गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ते दुखणं वेगळं. पण वाळवून, ऑइल बदलून सुरू झालेली गाडी बरी झाली असंही नाही. टायमिंग कव्हरमध्ये शिरलेला गाळ बेल्टच्या दातांत बसतो, टेन्शनरच्या बेअरिंगला गंज धरतो. बुडालेल्या गाडीचा बेल्ट टेन्शनरसह तेव्हाच बदलायला हवा. ज्यांनी तो बदलला, त्यांच्याही नव्या बेल्टला 2026 मध्ये पाच वर्षं होतात.

बिलात टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप दिसले की मेस्त्री लुटतोय असं अनेकांना वाटतं. एवढ्यापुरता मी मेस्त्रींच्या बाजूचा. ज्या इंजिनांत वॉटर पंप याच बेल्टवर चालतो (डस्टर डिझेल त्यातलंच), तिथे जुना पंप जाम झाला की नवा बेल्ट घेऊनच जातो. शिवाय खोलण्याची मजुरी दोन्ही वेळा तेवढीच. विम्यातून भरपाई मिळेल या भरवशावरही राहू नये, कारण नेहमीच्या मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड बसत नाहीत.

जुनी गाडी घेताना विकणारा "बेल्ट बदललाय" म्हणाला तर बिल मागा. त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही हवेत. बिल नसेल तर बेल्ट मूळचाच आहे असं धरून त्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करून मगच भाव करा.