रातांधळेपणा आणि डोळ्यातील चळत

आमच्या नात्यातील एक मुलगा दिवेलागणीनंतर दावणीच्या खुंट्याला अडखळायचा. "भाजी खात नाहीस, म्हणून रातांधळा झालास," असे त्याची आई रागवायची, आणि आम्हीही तिचीच री ओढायचो. भावकीतल्या बायका मात्र तिलाच बोल लावीत, की पोटुशी असताना हिने ग्रहण पाळले नाही. पुढे तपासणीत कळले, दोष ताटातही नव्हता आणि ग्रहणातही नव्हता. बी. ए. पर्यंत विज्ञानाशी आमचा संबंध नव्हता. तरी मिळेल ते वाचले. त्यातले समजले तेवढे विद्यार्थी मित्रांसाठी मांडतो.

डोळ्याच्या आतल्या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यात मंद उजेडात कामी येणाऱ्या दंडाकार पेशी नऊ ते बारा कोटी, आणि रंग व बारीक अक्षर दाखविणाऱ्या शंक्वाकार पेशी पन्नास-साठ लाख असतात. दंडाकार पेशीचे टोक म्हणजे आमच्या रोखपालाच्या टेबलावरील नाण्यांची चळतच! एका नळीत एकावर एक सुमारे हजार सुट्या चकत्या. शंक्वाकार पेशीत त्या सुट्या नसतात. खतावणीची पाने एका बाजूने शिवलेली असावीत, तशा पेशीच्या आवरणालाच जोडलेल्या असतात.

ही घडण प्रथिनांची आहे. चकतीच्या अंगावर रोडोप्सिन दाटीने बसलेले असते. उजेड तेच टिपते. चकतीची वळलेली कड धरून ठेवते ते पेरिफेरिन. ज्या उंदरांत पेरिफेरिन तयारच होत नाही, त्यांच्या दंडाकार पेशीत चळत उभीच राहत नाही. तिसरे प्रोमिनिन, नवी चकती जेथे घडते त्या तळाशी ते असते. त्याच्या जनुकातील दोषाने नजर जाते, हे 2000 साली भारतातीलच एका कुटुंबावरून जगाला कळले. शिवाय चळत कायमची नसते. तळाशी रोज नव्या चकत्या येतात, टोकाच्या जुन्या चकत्या शेजारचा थर गिळतो, आणि दहाएक दिवसांत सगळी चळत बदलते. म्हणून घडणीतला दोष रोज नव्याने भोवतो.

रोडोप्सिनला 'अ' जीवनसत्त्व लागते. ते कमी पडून आलेला रातांधळेपणा उपचाराने बरा होतो. चळतच ढासळत असेल तर गाजर काय करणार? आधी रात्रीचे दिसणे जाते, मग बाजूचे, शेवटी नळीतून पाहावे तेवढेच उरते. याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. जगात साधारण चार हजारांत एकाला तो असतो. नागपूरजवळच्या खेड्यांत सुमारे 4,700 प्रौढांच्या पाहणीत साडेसातशेत एक असे प्रमाण निघाले.

या मुलाचे आईवडील आते-मामे भावंडे. पुष्कळदा सदोष जनुक दोघांकडूनही यावे लागते. आईवडिलांना स्वतःला काही त्रास नसतो, पण प्रत्येक अपत्याला चारात एक धोका राहतो. नात्यातल्या लग्नात तोच दोष दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. पेरिफेरिनचा दोष मात्र बहुधा एकाकडून आला तरी पुरतो, तेथे नात्याचा प्रश्न नाही. या मुलाच्या बाबतीत दोष दोघांकडून, म्हणजे बापाकडूनही तेवढाच आला होता. हे भावकीत सांगितले तेव्हा बायका गप्प झाल्या, बाप्ये उठून गेले.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टीचा घेर मोजतात. घेर चाळीस अंशांच्या आत आला की अल्पदृष्टी, दहाच्या आत आला की अंधत्व. समोरची अक्षरे नीट वाचणाऱ्यालाही त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकते. आमच्या मुलाने फळ्यावरचे वाचून दाखविले म्हणून एका ठिकाणी त्याला परत पाठविले होते. दुसऱ्या खेपेस आम्ही घेर मोजायलाच सांगितले.